विमलअक्कांनी जोडून दिलेली माणसं

विमलअक्का गेल्या त्या दिवशी त्यांच्या दारासमोर जमलेली निम्मी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत नव्हती, आवाजानं ओळखत होती. मी गर्दीत कुणाला तरी म्हणालो, "जरा सरकता का, भाऊ?" तर तो माणूस वळला आणि मला निरखत म्हणाला, "तुम्ही दवाखान्यातले दिलीपभाऊ का? स्टोअरवाले?" मी हो म्हणालो. "मी भुसावळचा. तुमच्याशी फोनवर बोललो होतो. तुम्ही सांगितलं होतं, रात्रपाळी बदलून मिळते, पण तोंड उघडून मागावी लागते." एवढं बोलून त्यानं माझा हात हातात घेतला. असे तीन-चार हात त्या दिवशी माझ्या हातात आले, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आपण लबाड आहोत. कारण मध्ये नऊ महिने असे गेले होते, की अक्कांच्या या माणसांपैकी एकानंही मला फोन केला नव्हता. त्याचं कारण अक्कांना ठाऊक होतं आणि मला. मी एका बाईचा फोन उचलला नव्हता, आणि त्यावर अक्कांशी खोटं बोललो होतो.

ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. पण त्याआधी अक्का कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर एक फोन न उचलण्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आधी धुळ्याला, मग निवृत्त होईपर्यंत जळगावला. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड आणि हातात वायर, असा तो काळ. "एका वेळी आठ माणसं बोलताहेत आणि मला त्यातल्या एकाचंही ऐकायचं नाही, असं काम होतं माझं," त्या म्हणत. मग थोडं थांबून, "पण ऐकू यायचं."

यजमान रेल्वेत होते, ते लवकर गेले. मूलबाळ नाही. धुळ्याला एक भाची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर रोज सकाळी एक मेणबत्ती. याच्या पलीकडचं त्यांचं चरित्र मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आमच्यापैकी कुणीच विचारलं नसावं, कारण त्या ओट्यावर येणारा प्रत्येकजण स्वतःचंच सांगायला आलेला असे.

ओटा म्हणजे घरापुढची दहा फुटांची जागा. वर पत्रा, खाली एक बाक आणि तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातली हात असलेली अक्कांची. रोज सकाळी नऊ ते बारा तिथं नोकरी गेलेली, नोकरी न मिळालेली आणि असलेल्या नोकरीला विटलेली माणसं बसलेली असत. अक्का फिकट सुती साडीत, चष्मा कपाळावर, मांडीवर नंबरांची डायरी. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात कुणी हात जोडून समोर उभा राहिला, तर त्या सरळ पुढे निघून जात. एकदा माझ्यादेखत एक माणूस मेथीच्या जुड्या हातात घेऊन त्यांच्यासमोर हसत उभा होता. अक्कांनी त्याला भाजीवाला समजून भाव विचारला. तो म्हणाला, "अक्का, मी..." तेवढ्यावर त्या ओरडल्या, "अरे शेख! मग असा मुका काय उभा राहतोस?"

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत एकवीस वर्षं स्टोअरकीपर होतो. गिरणी बंद पडली. गेटवर नोटीस लागली त्या दिवशी मी सवयीनं सगळ्या रॅकवरून हात फिरवून, कुलूप दोनदा ओढून बघून घरी आलो. मग एका झेरॉक्सच्या दुकानातून बायोडेटा करून घेतला आणि तीस-पस्तीस ठिकाणी पाठवला. एकाही ठिकाणाहून साधं नाही म्हणून उत्तर आलं नाही. बायको काही बोलत नसे. दोन्ही मुलांच्या शाळेच्या गोष्टी ती माझ्यासमोर काढायची थांबली होती, हे मला कळत होतं. शेवटी मावसभावानं अक्कांचा पत्ता दिला. मी पहाटेच्या एसटीनं जळगावला आलो. सोबत फाइल होती आणि आमच्याकडच्या एका पुढाऱ्याची चिठ्ठी.

"कुणी पाठवलं?"

"मावसभावानं. तो म्हणाला, तुम्ही नोकरी लावून देता."

"खोटं बोलला. मी फोन जोडून देते. पुढचं ज्याचं त्यानं बोलायचं."

चिठ्ठी त्यांनी उघडलीच नाही. बायोडेटा मात्र चष्मा खाली ओढून मोठ्यानं वाचला, अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखा. "भांडार व्यवस्थापन, समन्वय, नियोजन व दस्तऐवजीकरण यांचा प्रदीर्घ अनुभव." मग मला विचारलं, "हा कोण?"

"मीच की, अक्का."

"हा माणूस माझ्या दारात आला तर मी कडी लावून घेईन. घरी कोणती बोली बोलता?"

"अहिराणी."

"मग तुन्ही मायले सांगस तसं सांग. सकायले ऊठीसन तू काय काम करस?"

मला घाम फुटला. बाकावर चार अनोळखी माणसं. गिरणीच्या ऑफिसात एकवीस वर्षं मी पुस्तकी मराठी बोललो होतो. अहिराणी घरात, तीही हळू आवाजात. मी खाकरलो आणि म्हणालो, "सकायले सात वाजता जास. कुलूप उघाडस. पयले बेअरिंगना रॅक देखस."

"कसाले?"

"काय कमी शे ते देखाले. वहीमा देखनं पडत नही, हातलेच समजस." आणि मग मला थांबता येईना. कोणत्या खात्याचं मशीन कसं कुरकुरायला लागलं की तीन दिवसांत कोणता पट्टा तुटणार, ते मला स्टोअरमध्ये बसून ऐकू यायचं. फिटर चिठ्ठी घेऊन यायच्या आधी मी सामान काढून ठेवायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हेही काम असतं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

अक्कांनी चष्मा कपाळावर चढवला. "आवाजावरून?"

"हो."

"मग हे कुठं लिहिलंय यात?"

त्यांनी बायोडेटा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून लिहून घेतलं. वस्तू संपण्याआधी कळते. एकवीस वर्षांत सामान नाही म्हणून मशीन थांबलं नाही.

"दोनदा थांबलं होतं, अक्का," मी म्हणालो.

"मग दोनदा लिही."

ही त्यांची पद्धत. आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग त्याचं मराठी करायचं, आणि ज्याला लागेल त्यानं त्या मराठीचं इंग्रजी करून घ्यायचं. उलट दिशेनं गेलं की माणूस वाटेत हरवतो, असं त्यांचं मत. असोद्याचा असो नाहीतर शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरचा, प्रत्येकाला त्या आधी त्याच्या आईच्या भाषेत बोलायला लावत. पाड्यांवरची पावरी बोली त्यांना कळत नसे. तरी त्या पाड्यावरच्या मुलींना पावरीतच बोलायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. "शब्द नाही कळत, पण कोणत्या कामाबद्दल बोलताना पोरीचा आवाज वर जातो ते कळतं," म्हणत.

माझ्यासाठी त्यांनी डायरीतून एका मोठ्या दवाखान्याच्या स्टोअरचा नंबर काढला. मी म्हणालो, "अक्का, मला औषधातलं काही कळत नाही."

"बेअरिंगमधलं जन्मापासून कळत होतं का?"

फोन मात्र मलाच करावा लागला, तोही उभं राहून. बसून फोन करायला त्यांची सक्त मनाई. "बसून मागितलं की आवाज पोटातून येतो, आणि पोट उपाशी आहे ते पलीकडच्याला कळतं." दुसरा नियम, एका फोनात 'साहेब' एकदाच म्हणायचं. या नियमापायी असोद्याच्या एका माणसाचे मी फार हाल बघितले. तो केळीच्या गाडीवर घड भरायचा. पाठ गेली म्हणून त्याला केळी पिकवायच्या कोठीत देखरेखीचं काम हवं होतं. पहिल्याच फोनात तो अकरा वेळा साहेब म्हणाला. अक्कांनी बोटांवर मोजले आणि त्याच्या हातातला फोन काढून बंद केला.

"तुला नोकरी पाहिजे का माफी?"

"अक्का, साहेब नाही म्हटलं तर जीभच उचलत नाही."

"मग जिथं साहेब येईल तिथं श्वास घे."

त्यानं तसंच केलं. दर तीन शब्दांनंतर श्वास. ओट्यावर आम्ही सगळे त्याच्यासोबत श्वास घेत होतो. पलीकडच्या मालकाला वाटलं लाइन खराब आहे. तो म्हणाला, "तुमचा आवाज तुटतोय, उद्या सकाळी समक्षच या." तो समक्ष गेला आणि लागला. अक्कांनी ही गोष्ट पुढं प्रत्येकाला आपल्या पद्धतीचा पुरावा म्हणून सांगितली.

आवाजावर त्यांचा इतका भरवसा, की त्यापायी त्या चुकतही. शिरपूरकडचा एक तरुण मास्तर आला होता, विनाअनुदानित शाळेत राबून कंटाळलेला. त्याचं दोन मिनिटं ऐकून अक्का म्हणाल्या, "याच्या आवाजात कुरकुर आहे. हा कुठं टिकायचा नाही." त्याला त्यांनी महिनाभर एकही फोन जोडून दिला नाही. तो रागावून गेला आणि स्वतःच्या हिमतीवर एका बियाण्यांच्या कंपनीत चिकटला. वर्षभरानं बढतीचे पेढे घेऊन आईसोबत आला. त्याचं बोलणं ऐकून अक्का म्हणाल्या, "याचा आवाज बदललाय."

त्याची आई म्हणाली, "आवाज तोच शे अक्का. तवय त्याले सर्दी व्हयेल व्हती."

अक्कांनी पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसल्या. त्या दिवसापासून नवीन माणूस आला की नाव विचारायच्या आधी त्या विचारत, "सर्दी वगैरे नाही ना झालेली?"

दवाखान्यात मला मुलाखतीला बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि एकच प्रश्न विचारला. "दोनदा मशीन थांबलं होतं, ते कशामुळे?" मी दोन्ही वेळचं खरं कारण सांगितलं. एकदा माझी चूक होती. नोकरी मिळाली.

मी पेढे घेऊन ओट्यावर गेलो. अक्कांनी पुडा बाकावर फिरवला आणि मला समोर बसवलं. "आता माझं ऐक. तुझा नंबर मी डायरीत लिहिलाय. मी लोकांना तो देणार. त्यांचा फोन आला की उचलायचा. नोकरी देऊ नकोस, ते तुझ्या हातात नाही. शब्दही टाकू नकोस कुणाकडे. फक्त उचल आणि तिथलं जे खरं असेल ते सांग. पगार वेळेवर होतो का, वरचा माणूस तोंडाळ आहे का, बायकांना संडास आहे का. माणूस नवीन जागी जातो तो अंधारात जातो. तुझ्यामुळे त्याला दोन पावलं दिसली तर बस."

एवढंच त्यांचं मागणं. प्रत्येकाकडे तेच. या एका अटीवर अक्कांनी दोनशेवर माणसं एकमेकांना जोडून ठेवली होती. त्यात नर्सा होत्या, ड्रायव्हर होते, वीज केंद्रातले फिटर, बँकेतले शिपाई, एक वकीलसुद्धा. कुणी कुणाला बघितलेलं नाही. पण अक्कांचं नाव घेऊन फोन आला की तो उचलला जाई.

पहिली तीन वर्षं मीही उचलले. जेवता जेवता उचलले, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाहेर येऊन उचलले. चौथ्या वर्षी मला बढती मिळाली. टेबलावर नावाची पाटी आली, खोलीला एसी आला. लोक मला पवारसाहेब म्हणायला लागले. आठवड्याला तीन-चार फोन येत आणि शेजारच्या टेबलावरचे लेखापाल हसून म्हणत, "पवारसाहेब, तुमचं रोजगार कार्यालय उघडलं वाटतं." मी त्यांच्यासोबत हसायचो. पण ते बोलणं मला लागायला लागलं. आपणही कधीतरी त्या पत्र्याखाली घाम पुसत उभे होतो, हे इथं कुणाला कळू नये असं मला वाटायला लागलं होतं. खरं तेवढंच आहे.

एप्रिल महिना होता. एका अनोळखी नंबरावरून सकाळी अकराला फोन आला. मी आवाज बंद केला. दोनच्या सुमारास पुन्हा त्याच नंबरावरून. मी फोन पालथा घातला. चारच्या सुमारास तिसऱ्यांदा आला तेव्हा मी कामात होतो असंही नाही. मी चहा पीत होतो. पूर्ण रिंग संपेपर्यंत मी त्या फोनकडे बघत बसलो.

आठवड्यानं अक्कांचा फोन आला. "दिलीप, तुला ज्योतीचा फोन आला होता का? शिरपूरकडची."

"नाही अक्का," मी म्हणालो. मग विचारलं नसताना पुढं म्हणालो, "आमचं स्टोअर तळघरात आहे ना, रेंज नसते."

मग अक्का म्हणाल्या, "बरं."

जन्मभर टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला मी रेंज नसल्याचं सांगत होतो. रेंज नसली तर रिंग जात नाही. ज्योतीनं त्यांना तिन्ही वेळा पूर्ण रिंग गेल्याचं सांगितलं असणारच. हे मला त्या दिवशी घरी जाताना, गाडी सिग्नलला थांबली तेव्हा कळलं.

ज्योती कोण, ते पुढं ओट्यावरच्याच एका नर्सकडून समजलं. नवरा वारलेला, पाच वर्षांची मुलगी. एका आश्रमशाळेत औषधांच्या खोलीचं काम तिनं सहा वर्षं कंत्राटावर केलं होतं. कंत्राट संपलं. त्याच वेळी आमच्या दवाखान्यात एक जागा निघाली होती, माझ्याच हाताखाली, स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. तिला मला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. स्टोअरमध्ये बाई घेतात का, आणि मुलीला घेऊन राहता येईल अशी खोली जवळपास मिळेल का. अक्का तिला म्हणाल्या होत्या, "आधी दिलीपला विचार. तो खरं सांगेल." मी फोन उचलला नाही, तेच तिनं उत्तर धरलं. अर्ज केला नाही. मुलीला आईकडं ठेवून ती नणंदेबरोबर सुरतेला साड्यांच्या पॅकिंगला निघून गेली. आणि मी पुढचे दोन महिने दवाखान्यात सगळ्यांना सांगत होतो, की हाताखाली एक धड माणूस मिळत नाही.

त्यानंतर माझा फोन थांबला. पहिल्या महिन्यात बरं वाटलं. मग एके दिवशी लक्षात आलं, की पुरवठादार आणि बँकवाले सोडले तर आपल्याला कुणी अनोळखी माणूस फोनच करत नाही. अक्कांनी डायरीतला माझा नंबर द्यायचं बंद केलं होतं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, मला टाकून बोलल्या नाहीत. दिवाळीला फराळ घेऊन गेलो तर चहा केला, बायकोचं विचारलं, मुलांचं विचारलं. मी चारदा तोंड उघडलं आणि चारदा चकली घातली. तेवढ्यात पारोळ्याची एक मुलगी आली, तिला आमच्याच दवाखान्याबद्दल विचारायचं होतं. अक्कांनी डायरी उघडली आणि माझ्यादेखत, मी समोर बसलेलो असताना, तिला दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सचा नंबर दिला.

त्या काळातच अक्कांचे कान जायला लागले. भाचीनं कानाचं मशीन आणून दिलं, पण त्यांना ते आवडत नसे. "यातून सगळ्यांचेच आवाज पत्र्याचे येतात," म्हणत आणि काढून ठेवत. त्यामुळं ओट्यावर सगळ्यांना ओरडून बोलावं लागे. कुणाची नोकरी का गेली, कुणाचं वरच्याशी का पटत नाही, सगळ्या गल्लीला कळायचं. शेजारच्या घरातली, वरच्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालता घालता सल्ले द्यायची. "अहो, सोडू नका नोकरी! दुसरी मिळेपर्यंत सोडू नका!" अक्का विचारत, "कोण बोललं?" आणि आम्ही वर बोट दाखवायचो.

शेवटी जानेवारीत एक दिवस रजा टाकून मी गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. ओट्यावर पाच माणसं होती. मी खुर्ची अक्कांजवळ ओढली आणि हळू म्हणालो, "अक्का, मला काही सांगायचंय. आत जाऊन बोलू का?"

"काय?"

"आत बोलू का?" मी दाराकडं बोट दाखवलं.

"आत काय चोरीचं आहे? इथंच सांग. मोठ्यानं सांग, मशीन कपाटात आहे."

बाकावरची पाचही माणसं माझ्याकडं बघत होती. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "ज्योतीचा फोन आला होता! तीनदा! मी उचलला नाही!"

अक्कांनी हात कानामागं धरला.

"रेंज होती!" मी म्हणालो. "मी चहा पीत होतो!"

वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकली. अक्का म्हणाल्या, "माहीत आहे मला. हे सांगायला एवढे महिने?"

"लाज वाटत होती."

"काय?"

"लाज वाटत होती!"

बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. अक्कांनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला सांगून काय उपयोग? नोकरी मला हवी होती का?" त्यांनी डायरीची पानं उलटली आणि एका नंबरावर बोट ठेवलं. "लाव."

मी उभा राहून लावला. फोन लगेच उचलला गेला. मागं मशीनची घरघर होती. मी नाव सांगितलं, दवाखाना सांगितला. म्हणालो, "तुम्ही मला फोन केला होता. एप्रिलमध्ये."

"हो. तीनदा केला होता."

"मी मुद्दाम उचलला नाही. चूक झाली माझी."

"असू द्या दादा," ती म्हणाली. "मीच चौथ्यांदा करायला पाहिजे होता. मला वाटलं, मोठी माणसं, किती त्रास द्यायचा."

मी मुलीचं कसंबसं विचारलं. ती म्हणाली, दिवाळीनंतर मुलीला तिकडंच आणलं, शाळेत घातलं. आता गुजरातीत बोलते, आजीला फोनवर काही कळत नाही. मग तिनं विचारलं, "ती जागा भरली का?"

"भरली."

"पुन्हा निघाली तर कळवा. येईनच असं नाही. पण कळवा." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

अक्कांना यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता. त्या माझ्या चेहऱ्याकडं बघत बसल्या होत्या. "उचलला तिनं?"

"उचलला!"

"कितव्या रिंगला?"

"दुसऱ्या!"

त्यांनी मान हलवली, जणू बाकीचं त्यांना विचारायचंच नव्हतं. मग बाकावर टोकाला बसलेल्या, एरंडोलच्या एका माणसाला म्हणाल्या, "तुला दवाखान्यातलं विचारायचं होतं ना? याचा नंबर घे."

तो माणूस माझं सगळं ओरडणं ऐकून बसला होता. तो चाचरत म्हणाला, "अक्का, हे उचलतील का पण?"

ओटा हसला. वरची बाईही हसली. अक्कांना प्रश्न दुसऱ्यांदा ओरडून सांगावा लागला. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतोस? तो काय, समोर उभा आहे."

मी त्याला नंबर दिला. मग चपला घातल्या, अक्कांना येतो म्हणालो आणि फाटकाकडं निघालो. पुढं दोनच आठवड्यांनी अक्का गेल्या, म्हणून सांगतो, हे त्यांचं मला दिसलेलं शेवटचं रूप. फाटकाची कडी काढली आणि खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर. मी वळून बघितलं. एरंडोलचा माणूस कानाला फोन लावून बाकावर बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. अक्का खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्ध्या उठल्या होत्या. रिंग त्यांना ऐकू येत नव्हती. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या.

मी फोन कानाला लावला. "हॅलो."

"काही नाही भाऊ," दहा पावलांवरून तो माणूस म्हणाला, "लागतो का ते बघितलं."

अक्का खाली बसल्या. पदर सारखा केला आणि बाकावर वाट बघत बसलेल्या एका बाईला म्हणाल्या, "हं. तू सांग."